शेल, सॉलिड आणि बीम एलिमेंट एकाच मॉडेलमध्ये: कुठे काय वापरावे आणि जोड कसा द्यावा?

चौकटवाला (प्रश्न)

नमस्कार. एका यंत्राच्या बैठकीचे फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे रचनेचे छोटे तुकडे (एलिमेंट) आणि त्यांना जोडणारे बिंदू (नोड) यांची जाळी (मेश) करून, स्थितिक विश्लेषण करत आहे आणि एलिमेंटच्या निवडीपाशी अडलो आहे. रचना अशी आहे. वर १४०० बाय ९०० मिमी मापाची, ६ मिमी जाडीची पोलादी प्लेट आहे आणि तिच्या खालच्या अंगाला ६० बाय ६ मिमीच्या पट्ट्या स्टिफनर म्हणून, म्हणजे ताठरता वाढवण्यासाठी, उभ्या वेल्ड केल्या आहेत. चार कोपऱ्यांत ८० बाय ८० मिमीच्या, ५ मिमी भिंतीच्या चौकोनी नळीचे पाय आहेत. प्लेटमध्ये खिडकी कापून १२० बाय १०० बाय ८० मिमीचा भरीव बेअरिंग ब्लॉक बसवला आहे आणि प्लेटची कड त्याच्या चारही बाजूंना वेल्ड केली आहे. याशिवाय त्याच ब्लॉकला एक छोटी ६ मिमीची प्लेट केवळ एका कडेने जोडलेली आहे. तिच्यावर सेन्सर बसतो.

सुरुवातीला सगळीच रचना दहा नोडच्या टेट्राहेड्रन सॉलिड एलिमेंटने मेश केली. मॉडेल फार जड झाले, आणि प्लेट ज्या रेषेत ब्लॉकला मिळते तिथला सर्वाधिक स्ट्रेस स्थिर होईना. तिथली मेश ३ मिमी असताना २१२ एमपीए, १.५ मिमी केल्यावर २९१ आणि ०.७५ मिमी केल्यावर ३९८ असे आकडे आले.

म्हणून प्लेट आणि स्टिफनर शेलने (मध्यपृष्ठ आणि जाडी), ब्लॉक सॉलिडने (भरीव तुकडे) आणि पाय बीमने (रेषा आणि काटछेद) असे मिश्र मॉडेल केले. शेलच्या कडेचे नोड आणि ब्लॉकचे नोड एकमेकांत मर्ज, म्हणजे एकच केले. प्रत्येक पायाचा वरचा नोड प्लेटच्या एका नोडशी मर्ज केला. आता सॉल्व्हर शून्य पिव्हटची, म्हणजे समीकरणे नीट सुटत नसल्याची, सूचना देतो आणि सेन्सरची प्लेट भलतीकडेच फिरलेली दिसते. ती प्लेट काढून टाकली की सूचना येत नाही, पण ब्लॉकचे विस्थापन सॉलिड मॉडेलपेक्षा सुमारे पावपटीने जास्त येते. शिवाय प्लेटची मेश बदलली की पायांच्या जोडापाशी मिळणारी उत्तरेही बदलतात.

असे मिश्र मॉडेल मुळात करावे का, आणि करायचे असेल तर हे जोड कसे द्यावेत?

तटस्थअक्ष

मिश्र मॉडेल करावे की नाही याचे उत्तर आपल्या मापांतच आहे. स्टिफनरमधले अंतर ३०० मिमी धरले तर प्लेटची जाडी त्याच्या पन्नासाव्या भागाइतकी आहे, म्हणजे ती शेलसाठी अगदी योग्य आहे. जाडी ही विस्ताराच्या दहाव्या भागापेक्षा कमी असेल तोवर शेलचा सिद्धांत सहसा चांगली साथ देतो. विसाव्या भागाच्या खाली गेल्यावर तर काटछेदातल्या शिअरमुळे होणारे विरूपणही जवळजवळ नगण्य ठरते. ब्लॉकच्या तिन्ही दिशांची मापे एकाच पल्ल्यातली आहेत, तेव्हा तिथे सॉलिडला पर्याय नाही. पायांची लांबी आपण दिलेली नाही, परंतु ती नळीच्या रुंदीच्या आठ-दहा पट असेल, तर शिअर विचारात घेणारा बीम, म्हणजे टिमोशेन्को यांनी १९२१ साली मांडलेल्या सिद्धांतावरचा, पुरेसा आहे. आपली निवड बरोबर आहे. चुकला आहे तो जोड.

सॉलिड एलिमेंटच्या नोडला केवळ तीन विस्थापने असतात. त्याला रोटेशनची डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे फिरण्याचे स्वतंत्र चल, नसते. शेलच्या नोडला तीन विस्थापनांसोबत रोटेशनही असतात. दोन्ही नोड मर्ज केले की विस्थापने एक होतात, परंतु शेलच्या रोटेशनला पलीकडून विरोध करणारे कोणीच नसते. त्यामुळे शेलची कड ब्लॉकला ज्या रेषेत मिळते, ती रेषा बिजागरीसारखी वागते आणि नमन आघूर्ण ब्लॉकमध्ये जातच नाही. सेन्सरची प्लेट एकाच कडेने धरलेली असल्यामुळे ती त्या रेषेभोवती मोकळी फिरते. म्हणून ताठरता मॅट्रिक्स सिंग्युलर होते, म्हणजे समीकरणांना एकच असे उत्तर उरत नाही, आणि सॉल्व्हर ओरडतो. मुख्य प्लेटची गोष्ट वेगळी आहे. ती ब्लॉकच्या चारही बाजूंना आहे, त्यामुळे चार बिजागऱ्या असूनही यंत्रणा मोकळी होत नाही; ती केवळ असायला हवी त्यापेक्षा मऊ होते. आपल्याला पावपट जास्त मिळालेले विस्थापन बहुतांशी इथूनच आले असावे. सूचना देणारी चूक परवडते, पण ही दुसरी चूक देखणे काँटूर, म्हणजे रंगीत स्ट्रेसचित्र, दाखवून निघून जाते. सेन्सरची प्लेट मॉडेलमध्ये नसती, तर हा प्रश्न कदाचित आपल्याला पडलाच नसता.

उपाय दोन आहेत. पहिला जुना आणि कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चालणारा: शेल ब्लॉकच्या पृष्ठभागाशी न थांबवता त्याच्या आत काही अंतर न्यावा आणि आतल्या नोडही सॉलिडशी जुळवाव्यात. मग शेलमधले आघूर्ण, एकमेकांपासून काही अंतरावर असलेल्या दोन नोड-रांगांवरच्या विरुद्ध बलांच्या जोडीच्या रूपात सॉलिडमध्ये उतरते. आत गेलेल्या शेलची घनता शून्य ठेवावी, नाहीतर वस्तुमान दोनदा मोजले जाते. दुसरा उपाय म्हणजे शेल आणि सॉलिड यांच्यासाठी मुद्दाम दिलेले कपलिंग. अबॅकसमध्ये त्यासाठी स्वतंत्र कन्स्ट्रेंट आहे, ॲन्सिसमध्ये एमपीसी पद्धतीचा (नोडच्या हालचाली समीकरणांनी एकमेकांशी बांधणारा) बाँडेड काँटॅक्ट वापरता येतो, आणि कॉमसॉलमध्येही अशा जोडाची सोय आहे. या कपलिंगमध्ये शेलच्या कडेवरचे रोटेशन हे, जाडीइतक्या पट्ट्यात येणाऱ्या सॉलिडच्या पृष्ठभागाच्या विस्थापनांशी बांधले जाते.

दुसऱ्या उपायात एक खाच आहे आणि ती कोणी सांगत नाही. आपली प्लेट ६ मिमीची आहे, म्हणजे कडेच्या मध्यरेषेच्या वर ३ आणि खाली ३ मिमी एवढाच पट्टा ब्लॉकवर पकडला जाईल. ब्लॉकची मेश २० मिमीची असेल, तर त्या पट्ट्यात नोडची एकच रांग सापडण्याची शक्यता असते. एका रांगेवर बलांची जोडी तयार होऊ शकत नाही आणि आपण पुन्हा बिजागरीवर येतो. त्या पट्ट्यात सॉलिडचे निदान दोन, शक्य असल्यास चार एलिमेंट तरी यायला हवेत.

मूळ मॉडेलला हात लावण्याआधी एक छोटी चाचणी करून पाहावी असे सुचवतो. ६० मिमी रुंद, ६ मिमी जाड आणि ३०० मिमी लांब अशी पट्टी एका भरीव ब्लॉकमधून कॅन्टिलीव्हरसारखी बाहेर काढा, ब्लॉकची मागची बाजू पक्की करा आणि पट्टीच्या टोकावर १०० न्यूटन भार द्या. पोलादाचा ई, म्हणजे प्रत्यास्थता गुणांक, २,१०,००० एमपीए धरला तर नेहमीच्या सूत्राने टोकाचे विस्थापन ३.९७ मिमी आणि मुळाशी स्ट्रेस ८३.३ एमपीए येतो. आपण निवडलेला जोड या पट्टीवर जे उत्तर देईल, त्याच्यावरून त्याची पारख पाच मिनिटांत होते.

गाऊसबिंदू

वरच्या उत्तराशी सहमत आहे. मात्र "शेलची एवढी कटकट असेल तर प्लेटसुद्धा आठ नोडच्या सॉलिडनेच करून टाकू, जाडीत चार थर दिले की झाले" असा विचार येथे अनेकांच्या मनात येईल, म्हणून त्याच पट्टीवर तो तपासून पाहू.

पूर्ण इंटिग्रेशन असलेला (ताठरता काढण्यासाठी एलिमेंटच्या आत पुरेसे हिशेबाचे बिंदू घेणारा) आठ नोडचा साधा सॉलिड वाकताना त्याच्या कडा सरळच राहतात. प्रत्यक्ष पट्टी वक्र होते, एलिमेंटला वक्र होता येत नाही, आणि त्या फरकाची भरपाई तो खोट्या शिअर स्ट्रेनने करतो. यालाच शिअर लॉकिंग म्हणतात. निखळ नमनाच्या बाबतीत ही जादा ताठरता हाताने काढता येते. एलिमेंटची लांबी आणि पट्टीची जाडी यांच्या गुणोत्तराचा वर्ग करावा आणि त्याला २(१ + ν) ने भागावे. ν म्हणजे पॉयसन गुणोत्तर. ते ०.३ असताना १२ मिमी लांब एलिमेंट आणि ६ मिमी जाडी घेतली, तर गुणोत्तर २ येते आणि केवळ शिअरमुळे १५४ टक्के ताठरता वाढते. पॉयसनच्या परिणामाची थोडी भर धरून पट्टी अडीच ते तीन पट ताठर होते, ३.९७ च्या जागी दीड मिलिमीटरच्या आसपास उत्तर येते.

आता मुद्द्याची गोष्ट. या सूत्रात पट्टीची एकूण जाडी येते, एका थराची नाही. थर कितीही केले तरी प्रत्येक थरात खोटा शिअर स्ट्रेन तेवढाच राहतो, कारण तो एलिमेंटच्या लांबीत होणाऱ्या वक्रतेतून आलेला असतो. एकाच्या जागी चार थर केले आणि लांबी १२ मिमीच ठेवली, तर पॉयसनचा भाग सुधारतो, पण पट्टी अडीच पटीच्या आसपास ताठरच राहते. शिअरचा भाग अडीच टक्क्यांच्या खाली आणायचा असेल तर एलिमेंटची लांबी जाडीच्या पाव, म्हणजे १.५ मिमी करावी लागते. १४०० बाय ९०० मिमीच्या प्लेटवर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. शेल मात्र त्याच १२ मिमीच्या एलिमेंटने, एकाच थरात, दोनएक टक्क्यांच्या आत उत्तर देतो.

रिड्यूस्ड इंटिग्रेशनने, म्हणजे हे बिंदू कमी घेतल्याने, लॉकिंग जाते, परंतु दुसरे संकट येते. एकच इंटिग्रेशन बिंदू एलिमेंटच्या मध्यभागी असतो. जाडीत एकच थर असेल तर तो बिंदू नेमका तटस्थ अक्षावर पडतो, नमनाचा स्ट्रेन त्याला दिसतच नाही, आणि पट्टीला धरून ठेवणारे केवळ अवरग्लास नियंत्रणाचे (बिंदूला न दिसणारी विरूपणे रोखण्यासाठी घातलेले) कृत्रिम बल उरते. चार थर दिले तर विस्थापन चांगले येते, पण सर्वात वरच्या थराचा बिंदू मध्यापासून जाडीच्या तीन-अष्टमांशावर असतो, पृष्ठभागावर नाही. म्हणजे ८३.३ च्या ऐवजी बिंदूवरचा आकडा ६२.५ एमपीए दिसेल, आणि तो पृष्ठभागाचा समजून कोणी अहवालात घातला तर पंचवीस टक्के स्ट्रेस कागदावरून नाहीसा होईल. सॉलिडच वापरायचा असेल तर इनकंपॅटिबल मोड असलेला (आत वक्र होण्याची जादा सोय असलेला) आठ नोडचा, किंवा वीस नोडचा रिड्यूस्ड इंटिग्रेशनचा घ्यावा. आपण वापरलेला दहा नोडचा टेट्राहेड्रनही नमनात प्रामाणिक आहे. चार नोडचा मात्र टाळावा. त्यात स्ट्रेन सर्वत्र एकसारखा असतो. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांच्या लेखात आलेल्या तीन नोडच्या त्रिकोणाचाच तो त्रिमितीय भाऊ आहे आणि नमनात तेवढाच हट्टी आहे.

स्टिफनरबद्दल एक पुरवणी. आपण ते शेलने केले आहेत ते योग्यच आहे. पुढे मॉडेल हलके करण्यासाठी ते बीमने करायचे ठरवले, तर ऑफसेट, म्हणजे बीमच्या अक्षाला प्लेटपासूनचे अंतर, द्यायला विसरू नका. पट्टीचा मध्य प्लेटच्या मध्यपृष्ठापासून ३३ मिमी खाली आहे. तिच्यासोबत २०० मिमी रुंद प्लेट काम करते असे धरल्यास एकत्रित जडत्व आघूर्ण सुमारे ४,१३,००० मिमी⁴ भरते. ऑफसेट न देता बीम प्लेटच्या नोडवरच टाकला, तर दोघांची स्वतंत्र बेरीज फक्त १,११,६०० येते. म्हणजे ताठरतेत ३.७ पटींचा फरक आहे आणि पडद्यावर दोन्ही मॉडेल अगदी सारखी दिसतात.

चौकटवाला

दोघांचेही आभार. तटस्थअक्ष यांनी सांगितलेली पट्टी लावून पाहिली. नोड नुसते मर्ज केले तर सॉल्व्हर पूर्वीसारखीच सूचना देतो. कपलिंग वापरले आणि ब्लॉकची मेश जोडापाशी बारीक केली, तर विस्थापन सूत्रापेक्षा साधारण टक्काभर जास्त येते. ब्लॉक पूर्णपणे दृढ नसल्यामुळे ते स्वाभाविक वाटते. शेल ब्लॉकच्या आत जाडीइतकाच नेला तर उत्तर बरेच मऊ येते, तिप्पट आत नेला तर कपलिंगच्या जवळ येते. मात्र आत नेलेल्या शेलच्या बाबतीत ब्लॉकची मेश बदलली की उत्तरही थोडे सरकते, ते का हे कळले नाही.

पाय आणि स्ट्रेस हे दोन प्रश्न अजून उरले आहेत. अहवालात जोडापाशी कोणता स्ट्रेस द्यावा हे ठरत नाही, कारण सॉलिड मॉडेलचे आकडे वाढतच जातात आणि मिश्र मॉडेलच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा हे ठाऊक नाही.

मेशकार

आधी सरकणाऱ्या उत्तराबद्दल. शेल सॉलिडच्या आत नेला की बल हे नोडच्या रांगांवर, म्हणजे वस्तुतः रेषांवर उतरते. त्रिमितीय घनात रेषेवर दिलेल्या भाराखाली विस्थापन, मेश बारीक करत गेल्यास, लॉगॅरिथमच्या चालीने सावकाश पण सतत वाढत राहते. त्यामुळे या पद्धतीला तंतोतंत अंतिम उत्तरच नसते. जुन्या काळी दुसरे साधन नव्हते तेव्हा ती ठीक होती. आज सॉफ्टवेअरमध्ये कपलिंग उपलब्ध असताना ती वापरावी असे मला वाटत नाही. तटस्थअक्ष यांनी दोन्ही उपाय एकाच तागडीत ठेवले, एवढ्यापुरता माझा मतभेद आहे.

पायांच्या बाबतीत आपण बीमचा एक नोड प्लेटच्या एका नोडशी जोडला आहे. दोघांनाही सहा डिग्री ऑफ फ्रीडम असल्यामुळे सॉल्व्हर गप्प राहतो, पण इथे दोन दोष लपलेले आहेत. पहिला असा, की ८० मिमीच्या नळीतून येणारे आघूर्ण प्लेटवर एका बिंदूत दिले जाते. पातळ प्लेटवर बिंदूत दिलेल्या आघूर्णाखाली त्या बिंदूचे रोटेशन मेशसोबत वाढतच जाते, म्हणून जोडाची लवचीकता ही रचनेची न राहता आपल्या एलिमेंटच्या मापाची होते. मेश बदलली की उत्तरे बदलतात असे आपण लिहिले आहे, त्याचे कारण हेच. दुसरा दोष पिळाचा. पाय प्लेटला लंब आहे, म्हणजे पायाचा पीळ प्लेटमध्ये तिच्या लंबाभोवतीच्या रोटेशनच्या रूपाने येतो. शेलला या दिशेने स्वतःची खरी ताठरता बहुधा नसते. बहुतेक प्रोग्राम मॅट्रिक्स सिंग्युलर होऊ नये म्हणून तिथे छोटी कृत्रिम ताठरता घालतात. अशा बीमचा पीळ त्या कृत्रिम आकड्यावर तोललेला असतो, आणि तो आकडा बदलला की पिळाचे उत्तरही बदलते.

नळी प्लेटला तिच्या परिमितीवर वेल्ड केली आहे, तेव्हा बीमचा नोड त्या ८० बाय ८० च्या चौकटीवर येणाऱ्या प्लेटच्या सगळ्या नोडशी जोडावा. मग पीळ प्लेटच्या पातळीतल्या बलांनी वाहिला जातो, आणि वाकवणारे आघूर्ण बलांच्या जोडीने. येथे नॅस्ट्रान या प्रोग्रामच्या भाषेतले आरबीई-२ घ्यावे की आरबीई-३ (एक नोड अनेक नोडशी बांधण्याचे दोन प्रकार), हा प्रश्न येतोच. आरबीई-२ मध्ये सगळी परिमिती बीमच्या नोडसोबत दृढ अंगासारखी हलते, म्हणून ताठरता वाढते. आरबीई-३ मध्ये बीमचा नोड परिमितीच्या विस्थापनांची भारित सरासरी घेतो, प्लेटला विरूप व्हायला मोकळीक राहते आणि जादा ताठरता येत नाही. नळीची भिंत ५ मिमीची आणि प्लेट ६ मिमीची असताना सत्य या दोघांच्या मधे असते. दोन्हींनी एकदा चालवून पाहावे. विस्थापनात फरक नगण्य असेल तर वाद तिथेच संपतो. फरक मोठा आला तर त्याचा अर्थ हा जोडच निर्णायक आहे, आणि मग नळीचा वरचा दोन-अडीचशे मिलिमीटरचा भाग शेलने करून बीम त्याच्या खाली सुरू करावा. माझ्या अनुभवात, शेवटी बहुतेक जण इथेच येऊन थांबतात, आणि गणनेचा खर्चही फारसा वाढत नाही. एक सावधगिरी: पुढे याच मॉडेलवर तापमानाचा भार द्यायचा असेल तर आरबीई-२ घातक ठरते. दृढ जोड सहसा प्रसरण पावत नाही, त्यामुळे तिथे अस्तित्वात नसलेला औष्णिक स्ट्रेस निर्माण होतो.

आता स्ट्रेस. आपण दिलेले तीन आकडे मला फार बोलके वाटले. २१२ वरून २९१ आणि २९१ वरून ३९८, म्हणजे मेश निम्मी करताच प्रत्येक वेळी १.३७ ने गुणाकार झालेला आहे. प्लेट आणि ब्लॉक यांच्यामधला आतला कोपरा ९० अंशांचा आहे, म्हणजे पदार्थ २७० अंशांत पसरलेला आहे. रेषीय प्रत्यास्थतेत अशा तीक्ष्ण कोपऱ्यापासून अंतर कमी होत जाईल तसा स्ट्रेस अंतराच्या उणे ०.४५५ या घातांकाने वाढतो. २ चा ०.४५५ वा घात काढला तर १.३७ च येतो. आपले सॉलिड मॉडेल चुकलेले नाही. ते तीक्ष्ण कोपऱ्याचे अगदी बिनचूक उत्तर देत आहे, आणि ते उत्तर अनंत आहे. मेश आणखी निम्मी केली तर ५४५ च्या आसपास आकडा येईल. त्याचा प्रत्यक्ष वेल्डशी काही संबंध नाही, कारण प्रत्यक्षात तिथे वेल्डचा उतार आणि काही त्रिज्या असते.

त्यामुळे दोन्ही मॉडेलमधून त्या रेषेवरचा आकडा उचलूच नये. मिश्र मॉडेलमध्ये तर कपलिंगच्या लगतचा सॉलिडमधला स्ट्रेस हा जोडणीच्या गृहीतकाने घडवलेला असतो, आणि निदान प्लेटच्या जाडीइतक्या अंतरापर्यंत तो वाचण्यात अर्थ नाही. शेलच्या बाजूचे नमन आघूर्ण आणि पातळीतले बल मात्र भरवशाचे असते, कारण ते समतोलावर अवलंबून असते. थकव्यासाठी तपासणी असेल तर आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशींतला हॉट-स्पॉट स्ट्रेस, म्हणजे थोड्या अंतरावरच्या आकड्यांवरून वेल्डच्या कडेपर्यंत वाढवून काढलेला स्ट्रेस, वापरावा. बारीक मेशसाठी वेल्ड प्लेटवर जिथे संपतो त्या कडेपासून जाडीच्या ०.४ पट आणि १.० पट अंतरावरचे पृष्ठभागाचे स्ट्रेस घ्यायचे; पहिल्याला १.६७ ने आणि दुसऱ्याला ०.६७ ने गुणून वजाबाकी करायची. आपल्या ६ मिमी प्लेटसाठी ही अंतरे २.४ आणि ६ मिमी होतात. शेलमध्ये वेल्ड काढलेलाच नसतो, त्यामुळे तिथे अंतर सहसा दोन मध्यपृष्ठे जिथे मिळतात त्या रेषेपासून मोजतात. आपल्या जोडात मात्र शेलची कड ब्लॉकच्या पृष्ठभागावरच संपते, तेव्हा ते त्या पृष्ठभागापासून मोजावे लागेल. केवळ स्थितिक भार असेल तर शेलमधून वेल्डच्या रेषेवरचे प्रति मिलिमीटर बल आणि आघूर्ण काढून वेल्डच्या गळ्याची (सर्वात कमी जाडीच्या छेदाची) हाताने तपासणी करणे सरळ पडते.

तटस्थअक्ष

मतभेद मान्य. मात्र कपलिंगची सोय नसलेले प्रोग्राम अजूनही वापरात आहेत आणि त्यांच्यासाठी शेल आत नेण्याची पद्धत ठेवावीच लागते. तिथे जाडीच्या तिप्पट खोली आणि वाजवी जाड सॉलिड मेश यांवर चौकटवाला यांनी पाहिले तसे कामापुरते उत्तर मिळते. मेश उगाच बारीक करून त्या लॉगॅरिथमच्या मागे लागू नये, एवढेच.

चौकटवाला

मुख्य मॉडेलमध्ये कपलिंग लावले आणि पायांचे वरचे २०० मिमी शेलने केले. ब्लॉकचे विस्थापन आता सॉलिड मॉडेलच्या तीन टक्क्यांच्या आत आले आहे आणि प्लेटची मेश निम्मी केल्यावरही ते हलत नाही. पायांना आरबीई-२ व आरबीई-३ दोन्ही लावून पाहिले. जोड प्लेटपासून दूर खाली गेल्यामुळे फरक दिसेनासा झाला. बैठकीवरचा भार चक्रीय आहे, त्यामुळे हॉट-स्पॉटची पद्धत घेत आहे. २.४ आणि ६ मिमी अंतरांवर स्ट्रेस नीट वाचता यावा यासाठी ब्लॉकच्या भोवती शेलची मेश किती ठेवावी?

मेशकार

त्या पट्ट्यात ०.४ पट जाडीपेक्षा मोठा एलिमेंट नको, म्हणजे २.४ मिमी किंवा त्याहून लहान, आणि एलिमेंटच्या रांगांच्या कडा नेमक्या २.४ आणि ६ मिमीवर पडतील अशी रेष आधीच भूमितीत आखून ठेवा. मग नोडवरचा आकडा थेट वाचता येतो. वाचताना एक पथ्य पाळा: सरासरी केवळ शेलच्या एलिमेंटमधली घ्या, आणि वरचा पृष्ठभाग व खालचा पृष्ठभाग स्वतंत्र वाचा. काही पोस्टप्रोसेसर मुळातच मध्यपृष्ठाचा स्ट्रेस दाखवतात, आणि त्यात नमनाचा भाग शून्य असतो.